पाच गावांची बर्फावरची हॉकी

हॉकी हा शब्द उच्चारला की आपल्यापुढे मैदान उभे राहते, ध्यानचंदांचे नाव आठवते आणि ऑलिंपिकमधील सुवर्णपदकांचा हिशेब सुरू होतो. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात मात्र नुसते हॉकी म्हटले तर कोणाला मैदान आठवत नाही. तेथे आठवतो तो बर्फ. आपल्या परिचयाच्या हॉकीला तिकडे 'मैदानी' असे विशेषण जोडावे लागते. त्या बर्फावरच्या हॉकीतील नामांकित संघ आणि त्यांचे धनाढ्य खेळाडू यांच्याविषयी अधूनमधून आपल्याही वाचनात काही येते. येथे विचार करावयाचा आहे तो त्यांचा नव्हे. १९८८ च्या पानगळीपासून १९८९ च्या वसंतापर्यंत अमेरिकेतील पाच लहानमोठ्या गावांच्या संघांनी एका नव्या, दुय्यम प्रतीच्या व्यावसायिक संघटनेचा पहिला हंगाम पार पाडला. त्या हंगामाची ही हकिगत आहे. तीत विश्वविक्रम नाहीत. तथापि, खेळ हा गावाचा कोण लागतो, आणि गावाचा म्हणून ओळखला जाणारा संघ खरोखर कोणाचा असतो, हा प्रश्न या हकिगतीत जितका उघडा पडतो तितका मोठ्या संघांच्या झगमगाटात कधी पडत नाही.

आधी खेळाचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे. दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद असे बर्फाचे अंगण. त्याला रिंक म्हणतात. बंदिस्त सभागृहातील हा बर्फ आकाशातून पडलेला नसतो. फरशीखालच्या नळ्यांतून अतिशीत द्रव खेळवून तो तयार करतात, आणि हंगामभर राखतात. त्याच्या चारी बाजूंना छातीइतकी उंच भिंत. एका वेळी एका संघाचे गोलरक्षकासह सहा खेळाडू बर्फावर असतात. पायांत पोलादी पात्यांचे बूट, हातात लांब दांड्याची काठी. चेंडूच्या जागी तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची कठीण रबराची चकती असते. तिला पक म्हणतात. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव होतात. खेळाची गती अशी की पाऊण-एक मिनिटात खेळाडू दमतो, भिंतीवरून उडी मारून बाहेर येतो आणि त्याच्या जागी दुसरा आत जातो. अंगाला अंग भिडवून प्रतिपक्षाला भिंतीवर रेटणे नियमात बसते. हातघाईवर येणे नियमात बसत नाही. पण त्याची शिक्षा बहुधा पाच मिनिटे बाहेर बसणे एवढीच असते. ही शिक्षा भोगून खेळाडू परत येतो, आणि प्रेक्षक त्याचे स्वागत करतात! या खेळावर रानटीपणाचा जो आरोप होतो, त्याचे मूळ बव्हंशी येथे आहे.

आता 'दुय्यम' या शब्दाचा अर्थ पाहू. या खेळाची सर्वश्रेष्ठ संघटना म्हणजे १९१७ साली स्थापन झालेली नॅशनल हॉकी लीग. आपण ज्या हंगामाविषयी बोलत आहोत त्या वेळी तिच्यात एकवीस संघ होते. तिच्या खाली १९३६ साली सुरू झालेली अमेरिकन हॉकी लीग, आणि तिच्याही खाली अनेक लहान संघटना, अशी ही उतरंड आहे. वरच्या पायरीवर एखादा गोलरक्षक जायबंदी झाला की त्याच्या जागी खालच्या पायरीवरचा जातो. त्याच्या जागी आणखी खालचा. उलट, वर ज्याचा खेळ मंदावला तो खाली येतो. म्हणजे खालच्या संघात दोन प्रकारची माणसे शेजारी शेजारी बसून बुटांच्या नाड्या बांधत असतात. एकाला वर जाण्याची आस असते. दुसरा वरून उतरलेला असतो, आणि आणखी दोन वर्षे तरी या खेळावर पोट भरता यावे एवढीच त्याची इच्छा असते. महाविद्यालयातून नुकताच बाहेर पडलेला बावीस वर्षांचा मुलगा आणि तिशी गाठलेला गृहस्थ एकाच गाडीतून प्रवास करतात आणि एकाच खोलीत झोपतात.

मोठ्या संघांना दूरचित्रवाणीच्या हक्कांतून उत्पन्न मिळते. दुय्यम संघाचा सारा भार दरवाजावरच्या तिकिटांवर असतो. त्यात भर म्हणून सभागृहातील खाद्यपेये, माहितीपत्रकातील जाहिराती, भिंतीवर रंगवलेली गावातील दुकानांची नावे. खर्चाची बाजू मात्र मोठ्या संघासारखीच असते, फक्त आकडे लहान. रिंकचे भाडे, खेळाडूंचे पगार, विमा, काठ्या, गाडी, खाणावळ, मुक्काम. साठ सामन्यांच्या हंगामात स्वतःच्या गावी होणारे सामने तीसच. याचा अर्थ असा की वर्षाचे सगळे उत्पन्न तीस संध्याकाळी गोळा करावयाचे, आणि त्यावर वर्षभराचा खर्च भागवावयाचा. शनिवारी रात्री हिमवादळ झाले आणि लोक घरी राहिले, तर त्या घरी राहिलेल्या लोकांची भरपाई नंतर कधीच होत नाही. आपल्याकडे गावोगाव फिरणाऱ्या नाटक मंडळ्यांना हा हिशेब चांगला ठाऊक होता.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढील सर्व हकिगत तिच्यावर उभी आहे. आपल्याकडील तालीम किंवा क्रीडामंडळ सभासदांचे असते. निदान कागदोपत्री तरी ते गावातून हलत नाही. अमेरिकेतील व्यावसायिक संघाची गोष्ट वेगळी आहे. संघटना एखाद्या मालकाला अमुक गावी संघ चालविण्याची सनद देते. संघ ही त्या मालकाची मालमत्ता. तोटा झाला, किंवा दुसऱ्या गावाने अधिक चांगले सभागृह देऊ केले, तर संघटनेच्या संमतीने तो आपली सनद उचलून दुसरीकडे जाऊ शकतो. परंतु संघाच्या अंगरख्यावर नाव असते गावाचे. वर्तमानपत्र लिहिते, "आपण जिंकलो." लहान मुले गोलरक्षकाचे नाव पाठ करतात. सभागृह बहुतेक ठिकाणी सार्वजनिक पैशाने बांधलेले असते. कायद्याने संघ मालकाचा आणि जिव्हाळ्याने गावाचा, असा हा दुहेरी संसार आहे. मोठ्या शहरांत हा संसार पैशाच्या बळावर निभावतो. लहान गावात दर वर्षी त्याचा हिशेब नव्याने मांडावा लागतो, आणि दुय्यम संघटनेचा एक हंगाम म्हणजे वस्तुतः हा हिशेबच होय.

१९८८ पूर्वीची स्थिती अशी होती. अमेरिकेच्या पूर्व भागातील लहान गावांत हॉकीच्या संघटना एकामागून एक जन्मास येत आणि विसर्जित होत. अटलांटिक कोस्ट हॉकी लीग ही १९८१ साली सुरू झाली आणि १९८७ साली बंद पडली. तिच्यातून उरलेल्या संघांना आधार हवा होता. व्हर्जिनिया राज्यातील हेन्री ब्रॅबम या व्यावसायिकाने बिल कॉफी यांच्यासह पुढाकार घेतला आणि ईस्ट कोस्ट हॉकी लीग ही नवी संघटना उभी केली. प्रमुख म्हणून पॅट केली यांना आणले. केली हे नॅशनल हॉकी लीगमधील कोलोराडो संघाचे शिक्षक राहिलेले, खालपासून वरपर्यंत सर्व पायऱ्या पाहिलेले गृहस्थ होते. संघ पाच: पेनसिल्व्हेनियातील एरी आणि जॉन्सटाऊन, व्हर्जिनियातील व्हिंटन, उत्तर कॅरोलिनातील विन्स्टन-सेलम आणि टेनेसीतील नॉक्सव्हिल. संघटनेचे नाव 'पूर्व किनारा'. पण पाचांपैकी एकही गाव समुद्रकाठी नव्हते. एरीला किनारा होता, पण तो सरोवराचा!

या पाच संघांपैकी तीन, म्हणजे व्हर्जिनिया, जॉन्सटाऊन आणि एरी, एकट्या ब्रॅबम यांच्याच मालकीचे होते. आज हे वाचून कोणीही भुवया उंचावील. ज्या शर्यतीत पाच घोडे धावणार, त्यांतील तीन घोडे एकाच्याच तबेल्यातले असतील तर त्या शर्यतीवर विश्वास कसा ठेवायचा, हा आक्षेप रास्तच आहे. पण दुसरी बाजूही आहे. तीन संघांची जबाबदारी घेणारा एक माणूस त्या वर्षी पुढे आला नसता, तर उरलेल्या दोन संघांना खेळावयास प्रतिपक्षच मिळाला नसता. दोन संघांची संघटना होत नाही. दुय्यम प्रतीच्या संस्था पुष्कळदा अशाच उभ्या राहतात: नियमाला धरून नव्हे, तर कोणाच्या तरी हट्टाने, आणि नियम मागाहून येतात. पुढे ही संघटना वाढली तेव्हा मालकही वाढले. नियमित फेरीत पहिल्या येणाऱ्या संघाला तेथे जो चषक देतात, त्यास ब्रॅबम यांचे नाव आहे.

पाच गावांपैकी जॉन्सटाऊनची कथा सविस्तर सांगण्यासारखी आहे. डोंगरांच्या अरुंद घळीत, दोन नद्यांच्या संगमावर वसलेले हे गाव. १८५२ साली येथे कँब्रिया आयर्न कंपनी सुरू झाली आणि लोखंड-पोलादाच्या धंद्यात गावाचे नाव झाले. ३१ मे १८८९ रोजी वरच्या अंगाचे धरण फुटले आणि २,२०९ माणसे मृत्युमुखी पडली. गाव पुन्हा उभे राहिले. १९२० साली लोकसंख्या सदुसष्ट हजारांवर होती. १९३६ साली पुन्हा मोठा पूर आला. १९५० साली युद्धात पडलेल्या गावकऱ्यांचे स्मारक म्हणून येथे वॉर मेमोरियल हे सभागृह उघडले. सुमारे चार हजार प्रेक्षकांची सोय असलेले. त्याच वर्षी तेथे जॉन्सटाऊन जेट्स हा हॉकीचा संघ खेळू लागला. मृतांचे स्मारक आणि जिवंतांची करमणूक एकाच छपराखाली असावी, यात त्या गावाला काही विपरीत वाटले नाही. पोलादाच्या भट्टीवरून सुटलेली पाळी संध्याकाळी थेट सभागृहाकडे वळे, असे ते दिवस होते.

जुलै १९७७ मध्ये तिसरा मोठा पूर आला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. कारखान्याचेही अतोनात नुकसान झाले. जेट्सचा सत्तावीस वर्षांचा संसार त्याच उन्हाळ्यात मोडला. योगायोग असा की त्याच वर्षाच्या प्रारंभी 'स्लॅप शॉट' हा चित्रपट प्रदर्शित झाला होता. लेखिका नॅन्सी डाऊड. त्यांचा भाऊ जेट्समध्ये खेळलेला. चित्रपटाचे बरेचसे चित्रण जॉन्सटाऊनमध्येच झाले. पॉल न्यूमन याने त्यात एका बुडत्या संघाच्या वयस्क खेळाडू-शिक्षकाचे काम केले आहे. गावातील पोलादाचा कारखाना बंद व्हायचा आहे, त्याबरोबर चीफ्स हा संघही मोडायचा आहे, आणि संघाचा खरा मालक कोण हेच खेळाडूंना ठाऊक नाही, अशी त्याची कथा आहे. लोकांनी तो पाहिला तो त्यातील मारामाऱ्यांसाठी आणि शिवराळ विनोदासाठी. पण मालक कोण, हा प्रश्न त्यात मध्यभागी आहे. चित्रपटातील कल्पित संघ जे भोगतो, ते काही महिन्यांतच खऱ्या संघाच्या वाट्यास आले.

त्यानंतर गावात दोन हंगामांपुरते दुसरे संघ येऊन गेले. १९८० नंतर सभागृहातील बर्फावर व्यावसायिक हॉकी राहिली नाही. कारखान्यातील कामगारांची कपात चालू होती, आणि १९८३ च्या सुमारास बेकारीच्या बाबतीत जॉन्सटाऊनचा क्रमांक साऱ्या अमेरिकेत वरचा होता. अशा गावात जानेवारी १९८८ मध्ये पुन्हा संघ निघाला. त्याचे नाव ठेवले चीफ्स. चित्रपटातल्या त्या कल्पित संघाचे. गावाने चित्रपटाला आपली कथा दिली होती. दहा वर्षांनी चित्रपटाने गावाला नाव परत दिले. त्याच वर्षी हा संघ नव्या संघटनेत आला, तेव्हा त्याचे शिक्षक झाले स्टीव्ह कार्लसन. हे कार्लसन पूर्वी जेट्सचे खेळाडू होते, आणि चित्रपटातील तीन चष्मेवाल्या भांडखोर भावांपैकी एकाचे काम त्यांनीच केले होते. बेकारीने गांजलेल्या गावाने विनोदी चित्रपटातील पात्राला खऱ्या संघाचा गुरू म्हणून स्वीकारावे, हे वरवर पाहता हास्यास्पद वाटेल. पण त्या गावाला हसणाऱ्यांबरोबर हसण्याची ताकद उरली होती, असाही त्याचा अर्थ होतो.

हंगाम सुरू झाला. पाच संघ, प्रत्येकाचे साठ सामने. प्रतिपक्ष चारच, तेव्हा प्रत्येकाशी सरासरी पंधरा वेळा गाठ. मोठ्या संघटनेत एखाद्या संघाशी वर्षातून तीनचारदा सामना होतो. येथे दर पंधरवड्याला तीच माणसे समोर येतात. कोणाचा डावा गुडघा दुखावला आहे, कोणता गोलरक्षक खालच्या पकला उशीर करतो, कोण लवकर चिडतो, हे सर्वांना सर्वांचे माहीत. नोव्हेंबरातला धक्का जानेवारीत परत केला जातो, आणि त्याचे व्याज मार्चमध्ये वसूल होते. लहान संघटनांतील मारामाऱ्यांचे एक कारण या अतिपरिचयात आहे. दुसरे कारण, स्पष्टच सांगावयाचे तर, तिकीट-खिडकीवर आहे. मारामारीने गर्दी जमते, हे मालकांना कळत होते, आणि ज्याला पक नीट मारता येत नाही पण ठोसा मारता येतो अशालाही जागा मिळत होती. त्याची किंमत त्या तरुणांच्या हाडांनी आणि डोक्यांनी मोजली. या खेळाचे गुणगान करताना ही गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

प्रवास मोटारगाडीचा. व्हिंटन आणि विन्स्टन-सेलम ही गावे एकमेकांपासून शंभर-सव्वाशे मैलांवर. पण जॉन्सटाऊन ते नॉक्सव्हिल हे अंतर पाचशे मैलांच्या घरात जाते. शुक्रवारी एका गावी खेळावे, रात्रभर डोंगरातील रस्त्याने गाडी चालावी आणि शनिवारी दुसऱ्या गावी खेळावे, असा हा क्रम. उत्तरेकडील दोन गावांना हॉकीची सवय होती. दक्षिणेकडच्या तीन गावांत हिवाळा सौम्य, आणि रस्त्यात किंवा तळ्यावर गोठलेले पाणी मुलांना खेळावयास क्वचितच मिळायचे. विन्स्टन-सेलम हे तंबाखूचे गाव. व्हिंटन हे रोआनोक या रेल्वेच्या शहराला लागून असलेले, दहा हजारांहून कमी वस्तीचे. तेथील प्रेक्षकांना नियम समजावून सांगण्यापासून सुरुवात करावी लागत असे. दक्षिणेत हॉकी रुजेल की नाही याविषयी जाणत्यांना शंका होती. ती खोटी ठरली. पुढे या संघटनेची वाढ झाली ती मुख्यतः दक्षिणेतच.

साठ सामन्यांअखेर जो तक्ता तयार झाला तो असा: एरीचा पँथर्स हा संघ ३७ विजय मिळवून ७७ गुणांसह पहिला. जॉन्सटाऊन चीफ्स ३२ विजय, ७० गुण. नॉक्सव्हिल चेरोकीज यांचेही विजय ३२, पण गुण ६५. विन्स्टन-सेलमचा कॅरोलिना थंडरबर्ड्स २७ विजय, ५५ गुण. व्हर्जिनिया लान्सर्स २२ विजय, ५२ गुण. दोन संघांचे विजय सारखे असून गुणांत फरक का, असे कोणी विचारील. विजयाला दोन गुण, आणि निर्धारित वेळेत बरोबरी होऊन मागाहून जो हरेल त्याला समाधानाचा एक गुण, अशी रीत होती. जॉन्सटाऊनचा संघ असा सहा वेळा हरला, नॉक्सव्हिलचा एकदा. व्हर्जिनियाचा तर आठ वेळा हरला. त्या आठांपैकी चार सामने जरी त्याने जिंकले असते तरी तो चौथा आला असता. कारण पहिल्या चार संघांनाच अंतिम फेऱ्यांत प्रवेश होता. मालक तेच, संघटना त्यांनीच उभारलेली, आणि त्यांच्या घरचाच संघ तीन गुणांनी बाहेर राहिला. एका तबेल्यातील तीन घोड्यांविषयी शंका घेणाऱ्यांना तक्त्याने दिलेले हे एक उत्तर म्हणता येईल.

अंतिम फेऱ्यांत मात्र तक्त्याचे काही चालले नाही. पहिला आलेला एरीचा संघ अंतिम लढतीपर्यंत पोहोचलाच नाही. तेथे गाठ पडली जॉन्सटाऊन आणि कॅरोलिना यांची. सात सामन्यांतून चार जिंकणारा विजयी, असा नियम. आणि लढत सातव्या सामन्यापर्यंत गेली. जिंकला कॅरोलिनाचा संघ. साठांपैकी तेहतीस सामने हरलेला संघ विजेता ठरला! त्याचा तरुण गोलरक्षक निक व्हिटुची हा त्या फेऱ्यांतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. साठ सामन्यांची पुण्याई सात सामन्यांत वाहून जावी हे न्याय्य आहे काय? कडक हिशेबाने नाही. पण अंतिम फेऱ्यांची योजना निव्वळ न्यायासाठी केलेलीच नसते. चौथ्या क्रमांकाच्या गावालाही मार्च महिन्यात आशा वाटली पाहिजे, नाहीतर फेब्रुवारीतच त्याचे सभागृह ओस पडेल. हा त्यातील व्यवहार आहे. शिवाय, सातव्या सामन्याची रात्र एखाद्या गावाच्या आयुष्यात एकदाच येते. जॉन्सटाऊनच्या आयुष्यात ती तशीच ठरली. त्यानंतर एकवीस हंगाम चीफ्स त्या संघटनेत खेळले. चषक त्यांना कधीही मिळाला नाही.

त्या हंगामाचे एक फळ मात्र जॉन्सटाऊनच्या पदरात पडले. त्यांचा एक गोलरक्षक होता स्कॉट गॉर्डन. पुढल्याच हिवाळ्यात, जानेवारी १९९० मध्ये, तो नॅशनल हॉकी लीगमधील क्वेबेकच्या संघाकडून बर्फावर उतरला. ईस्ट कोस्ट संघटनेत खेळून सर्वोच्च पायरी गाठणारा तो पहिला खेळाडू. पुढे तो न्यूयॉर्क आयलँडर्स या मोठ्या संघाचा शिक्षकही झाला. त्याच्या मागून शेकडो खेळाडू त्याच वाटेने वर गेले. तथापि, या जिन्याचा अभिमान बाळगताना एक हिशेब विसरता कामा नये. त्या पहिल्या हंगामात पाच संघांतून जेवढे तरुण खेळले त्यांपैकी बहुतेक जण कधीच वर गेले नाहीत. हंगाम संपला, गाडी थांबली, आणि ते विमा विकू लागले, शाळेत शिकवू लागले, किंवा ज्या गावी खेळायला आले होते तेथेच लग्न करून स्थायिक झाले. जिना म्हणूनच जर या संघटनेकडे पाहिले तर तिचे बहुतेक खेळाडू अयशस्वी ठरतील. परंतु शनिवारी रात्री चार रुपये-आणे जुळवून आलेला प्रेक्षक, समोरचा खेळाडू पुढे कोठे जाणार हे पाहण्यासाठी आलेला नसतो. तो त्या रात्रीचा खेळ पाहायला येतो. त्या दृष्टीने तो खेळाडू अयशस्वी नव्हे; त्याने आपले काम केलेले असते.

संघटना स्वतः मात्र वाढत गेली. दुसऱ्याच वर्षी ग्रीन्सबरो, हँप्टन रोड्स आणि नॅशव्हिल हे संघ येऊन पाचांचे आठ झाले. २००३ साली पश्चिमेकडील एक संघटना तिच्यात विलीन झाली, आणि २००३-०४ च्या हंगामात एकतीस संघ खेळले. त्यांत अलास्कातील अँकरेज येथीलही एक होता. तेव्हा 'पूर्व किनारा' हे शब्द सोडून देऊन 'ईसीएचएल' ही नुसती अक्षरे ठेवण्यात आली. प्रारंभी चषकाला जॅक रायली यांचे नाव होते. १९९७ पासून तो केली यांच्या नावाने दिला जातो. एवंच, पाच गावांच्या गरजेतून निघालेली संघटना देशव्यापी झाली. पण ज्या पाच गावांनी तिला जन्म दिला, त्यांचे काय झाले?

कॅरोलिनाच्या विजयी संघाने १९९२ साली विन्स्टन-सेलम सोडले आणि तो वेस्ट व्हर्जिनियातील व्हीलिंग या गावी गेला. व्हिंटनचे सभागृह ब्रॅबम यांच्याच मालकीचे होते. मार्च १९९३ च्या प्रचंड हिमवादळात त्याचे छप्पर बर्फाच्या भाराने कोसळले, आणि बर्फाच्या खेळाला बर्फानेच बेघर केले. तो संघ त्याच वर्षी अलाबामा राज्यात गेला. एरीचा संघ १९९६ साली लुइझियानात. नॉक्सव्हिलचाही टिकला नाही. आपल्या मूळ गावी मूळ नावाने उरला तो एकटा जॉन्सटाऊनचा. त्या गावात काय शिल्लक होते? बेथलेहेम कंपनीने पोलादाचे काम १९९२ साली थांबविले. १९९० साली लोकसंख्या अठ्ठावीस हजार होती, २०१० साली एकवीस हजारांच्या आत. त्याच २०१० साली चीफ्सच्या मालकांनी संघ दक्षिण कॅरोलिनातील ग्रीन्व्हिल येथे हलविला. बावीस हंगामांनंतर गावाच्या नावाचा अंगरखा गाडीत भरला गेला.

यावर कोणी म्हणेल की मग या साऱ्याचा उपयोग काय झाला? संघाने कारखाना वाचविला नाही, एकही भट्टी पेटती ठेवली नाही, गाव सोडून जाणाऱ्यांना थोपविले नाही. हे सर्व खरे आहे. आणि खेळाकडून अशी अपेक्षा करणाऱ्यांनी, तसेच अशी आश्वासने देऊन सार्वजनिक पैसा मागणाऱ्यांनी, हे ध्यानात ठेवावे. पण कारखान्याचा भोंगा बंद झाल्यावर गावाला एका वेळी एकत्र आणणारे दुसरे काही उरत नाही, ही गोष्टही तितकीच खरी आहे. पाळीवर जाणारी माणसे एकमेकांना रोज भेटत. बेकार माणूस घरी एकटा बसतो. बावीस हिवाळे, दर हिवाळ्यात तीस-पस्तीस संध्याकाळी, त्या गावातील माणसे एका छपराखाली शेजारी शेजारी बसली. ही जमाखर्चात न दिसणारी बाब आहे, पण ती बाब नाही असे म्हणता येणार नाही.

मालकाला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. तोटा सोसणाऱ्याला थांबण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. चुकते ते गावाचे, जेव्हा ते मालकाची वस्तू आणि आपली वस्तू यांतील भेद विसरते. जॉन्सटाऊनमध्ये संघ मालकाचा होता, सभागृह मात्र गावाचे होते. जेट्स गेले, चीफ्स गेले. १९५० साली उघडलेले ते स्मारक-सभागृह कोणाला उचलून नेता आले नाही. आणि सभागृह होते म्हणूनच २०१२ साली तेथे टॉमाहॉक्स हा होतकरू तरुणांचा नवा संघ येऊन खेळू लागला. व्हिंटनमध्ये सभागृहही मालकाचेच होते. छप्पर पडले आणि गोष्ट संपली. या दोन गावांच्या कथेतून एकच बोध घ्यावयाचा झाला तर तो हा की, संघावर गावाने जीव लावावा, पण पैसा लावायचा तर तो छपरावर, फरशीवर आणि फरशीखालच्या नळ्यांवर लावावा. बर्फ गोठविण्याची सोय आपल्या हाती असली म्हणजे त्यावर खेळणारे पुन्हा येतात.